तीन गोळ्यांचे यंत्र आणि हातातले तीन आठवडे

कोपरखैरण्याहून एका ताईंनी विचारले आहे: "माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये त्यांनी तीस वर्षे माथाडी म्हणून पोती वाहिली. जठराच्या कर्करोगासाठी केमोथेरपी नुकतीच संपली आणि तीन आठवड्यांनी पोट उघडून जठराचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. चार महिन्यांपूर्वी निदान झाले तेव्हा त्यांनी बिडी सोडली, सकाळची मशेरी मात्र सुटलेली नाही. हिमोग्लोबिन ९.६ आहे आणि बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ दिसतो. श्वासाचे व्यायाम करा असे सांगून डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या तीन गोळ्यांचे यंत्र आणायला लावले, पण ते कसे आणि किती वेळा वापरायचे हे कोणी दाखवले नाही. आबा रोज कपालभाती करतात, तेवढे पुरेल का? आणि हे सगळे शस्त्रक्रियेनंतर सुरू केले तर चालणार नाही का?"

मी गेली चोवीस वर्षे ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि त्यातला बहुतेक काळ छातीच्या व पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांबरोबर गेला आहे. तुमच्या घरात त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहिते. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. श्वासाचा मुख्य व्यायाम खरे तर शस्त्रक्रियेनंतरच करायचा असतो, परंतु तो शिकायचा असतो आधी. भुलेची गुंगी, नाकातली नळी, पोटातला ड्रेन, टाक्यांची ओढ आणि अनोळखी खोली अशा अवस्थेत कोणताही माणूस नवीन काही शिकू शकत नाही. आधीच अंगवळणी पडलेली गोष्ट मात्र तो त्याही अवस्थेत करू शकतो.

हे का लागते ते समजून घेतले तर आबा व्यायाम मनापासून करतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. निरोगी माणूस दिवसभर तसा उथळच श्वास घेत असतो, पण दर पाच-सहा मिनिटांनी त्याच्या नकळत एक श्वास नेहमीच्या दुपटीएवढा खोल जातो. या उसाशाचा दुःखाशी काही संबंध नसतो. फुप्फुसांच्या तळाशी मिटू लागलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, पुन्हा फुलवण्याची ती शरीराची सोय असते. वायुकोशांच्या आतून साबणाच्या फेसासारखा एक पातळ थर असतो, तो त्यांना मिटू देत नाही, आणि वायुकोश ताणला गेला की हा थर नव्याने पसरतो. भूल दिल्यावर ही सोय बंद पडते. रुग्ण उताणा असतो, स्नायू सैल पडलेले असतात, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, छातीच्या दिशेने वर सरकते आणि फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबून मिटतो. भूल दिलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांमध्ये थोड्याफार प्रमाणात असे होते. डॉक्टर त्याला ॲटेलेक्टॅसिस म्हणतात. बहुतेकांत ते एक-दोन दिवसांत आपोआप सुधारते.

आबांच्या बाबतीत ते तितक्या सहज सुधारेल असे धरून चालता येत नाही, कारण त्यांचा छेद बेंबीच्या वर, म्हणजे श्वासपटलाच्या अगदी शेजारी असणार आहे. त्या भागात हाताळणी झाली की श्वासपटल काही दिवस मंदावते. हे केवळ दुखण्यामुळे होत नाही. आतड्यांकडून मज्जारज्जूमार्गे जाणाऱ्या प्रतिक्षिप्त संदेशांनीही त्याची हालचाल रोखली जाते, म्हणून उत्तम वेदनाशामक दिले तरी ते लगेच पूर्ववत होत नाही. पूर्ण ताकदीने आत घेता येणारी हवा पहिल्या दोन दिवसांत निम्म्यावर येते आणि ती भरून यायला साधारण आठवडा लागतो. वेदनेसाठी दिलेली मॉर्फिनसारखी औषधे ते नकळतचे उसासे आणखी कमी करतात. खोकले की टाके ओढतात, म्हणून रुग्ण खोकला दाबतो. श्वासनलिकांतली बारीक केसांची झाडणी भुलेच्या कोरड्या वायूंनी थंडावलेली असते, त्यामुळे कफ तिथेच साचतो. मिटलेला भाग आणि साचलेला कफ एकत्र आले की न्यूमोनियाला जागा मिळते, आणि तो बहुधा पहिल्या आठवड्यातच डोके वर काढतो. दर तासाला ठरवून घेतलेले खोल श्वास हे त्या हरवलेल्या उसाशांची जागा भरून काढण्यासाठी असतात.

आबांना धोका किती, याचा अंदाज घेण्याची एक पद्धत आहे. २०१० साली स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतातल्या डॉक्टरांनी सुमारे अडीच हजार रुग्णांच्या नोंदींवरून ‘अरिस्कॅट’ नावाची गुणपद्धत मांडली, आणि अनेक भूलतज्ज्ञ ती वापरतात. तुम्ही दिलेले आकडे तिच्यात घातले तर ६६ वर्षे वयाचे ३ गुण होतात, ९५ ऑक्सिजनचे ८, दहाच्या खाली असलेल्या हिमोग्लोबिनचे ११, पोटाच्या वरच्या छेदाचे १५ आणि तीन तासांहून लांबणाऱ्या शस्त्रक्रियेचे २३. ही बेरीज ६० होते, आणि ४५ किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. त्या अभ्यासात या गटातल्या दर दहांपैकी चारांना फुप्फुसाची काही ना काही गुंतागुंत झाली होती. त्यात सौम्य गुंतागुंतीही मोजलेल्या आहेत, त्यामुळे या आकड्याने घाबरून जाऊ नका, मात्र तयारी अर्धवट सोडू नका. शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यात छातीचा संसर्ग झाला असेल तर आणखी १७ गुण वाढतात. म्हणूनच या तीन आठवड्यांत आबांना ताप आला किंवा पिवळा-हिरवा बेडका पडू लागला, तर तारीख पुढे जाईल या भीतीने ते लपवू नका. त्याच दिवशी शल्यविशारदांना आणि भूलतज्ज्ञांना कळवा. हिमोग्लोबिनबद्दलही त्यांना आत्ताच विचारा, कारण शिरेतून लोह देण्यासारखे उपाय असले तरी त्यांना दिवस लागतात.

आता व्यायामाने खरोखर फरक पडतो का, याविषयी. मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीवर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या ४४१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला केवळ माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिकेखेरीज फिजिओथेरपिस्टने समोर बसवून अर्धा तास एकदाच समजावले: फुप्फुसाला काय होते, तुम्ही काय करायचे आणि शुद्धीवर आल्या क्षणापासून दर तासाला ते का करायचे. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही गटांना उठवून चालवले, परंतु श्वासाचे व्यायाम कोणाकडूनही करवून घेतले नाहीत. नुसत्या पुस्तिकेच्या गटात १०० पैकी २७ जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली, समजावलेल्या गटात १२ जणांना. यंत्र नाही, औषध नाही, केवळ नीट शिकवलेला अर्धा तास आणि त्यातून हा फरक. ज्या अर्ध्या तासाने इतके साधते, नेमका तोच आबांना मिळालेला नाही, हे वाचून मला वाईट वाटले, आणि म्हणून हे उत्तर इतके लांबवत आहे.

तो अर्धा तास आता तुमच्या घरी करून घेऊ. आबांना पाठ टेकवता येईल अशा खुर्चीवर बसवा, तळपाय जमिनीला टेकलेले असू द्या. अंथरुणावर आडवे पडून हा व्यायाम नीट होत नाही. त्यांचे दोन्ही तळहात छातीच्या खालच्या फासळ्यांवर, बाजूने ठेवा. आता नाकाने सावकाश, मनात तीन-चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा. तो योग्य जागी जातो आहे की नाही हे हातांना कळते: फासळ्या बाजूला सरकून हात एकमेकांपासून दूर गेले पाहिजेत, खांदे मात्र कानांकडे वर चढता कामा नयेत. पोती वाहणाऱ्या माणसांचे खांदे फार लवकर चढतात, असा माझा अनुभव आहे, कारण आयुष्यभर जोर लावताना त्यांनी तेच स्नायू वापरलेले असतात. अशा वेळी मी रुग्णाच्या मागे उभी राहून खांद्यांवर हात नुसते ठेवते, दाबत नाही, आणि दोन-तीन श्वासांत खांदे आपोआप खाली येतात. हे तुम्हीही करू शकाल.

श्वास पूर्ण भरला की तो तीन सेकंद आतच धरायचा. ही तीन सेकंदे वगळली तर व्यायामाचा निम्मा गुण जातो. फुप्फुसात उघडे वायुकोश आणि मिटलेले वायुकोश एकमेकांना बारीक छिद्रांनी जोडलेले असतात. श्वास धरला की हवेला त्या आडवाटेने मिटलेल्या भागापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. त्यानंतर जोर न लावता, ओठ सैल ठेवून हवा आपसूक जाऊ द्यायची. असे दहा श्वास, मग मिनिटभर नेहमीचा श्वास, मग पुन्हा दहा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास घाईने घेतला गेला असे समजावे, थांबावे, आणि पुढच्या वेळी आणखी सावकाश घ्यावा.

वीस श्वास झाले की खोकला. घडी केलेला जाड टॉवेल किंवा लहान उशी पोटावर, जिथे टाके येणार आहेत त्या जागी, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि थोडे पुढे वाकायचे. आधी ‘हफ’ करायचा: चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तोंड उघडे ठेवून तिच्यावर वाफ देतो, तशीच वाफ, पण जरा जोराने आणि लांब. याने कफ बारीक नळ्यांतून मोठ्या नळीकडे सरकतो आणि त्याला खरवडून खोकावे लागत नाही. मग तीन दमदार खोकले. आबांना आत्ता टाके नाहीत, त्यामुळे उशी धरणे त्यांना उगाचच वाटेल. तरीही प्रत्येक वेळी धरायला लावा, म्हणजे नंतर हात स्वतःहून उशी शोधतील. शस्त्रक्रियेपर्यंत हा सगळा क्रम दिवसातून तीन वेळा पुरेसा आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र जागेपणी दर तासाला करायचा.

तीन गोळ्यांच्या यंत्राविषयी मला थोडे सावधपणे लिहावे लागेल. ते वाईट नाही, पण त्याच्यावर ठेवला जाणारा विश्वास त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठा आहे. पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांबाबतच्या चाचण्या २०१४ साली एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा नुसत्या या यंत्रामुळे गुंतागुंत कमी होते असे दिसले नाही. माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक रुग्ण यंत्र हातात देताच त्यात फुंकतात. फुंकले की गोळ्या हलत नाहीत, रुग्णाला वाटते आपली छाती कमजोर आहे, आणि दोन दिवसांत यंत्र कपाटात जाते. यंत्रात फुंकायचे नसून त्यातून हवा ओढायची असते, शहाळ्याचे पाणी नळीने ओढतो तशी. दुसरी चूक याहून फसवी आहे. कप्प्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात, पण तो हवेचा सेकंदाला असणारा वेग आहे, फुप्फुसात किती हवा गेली याचे ते माप नव्हे. झटका देऊन ओढले की तिन्ही गोळ्या टक्कन वर जातात, घरातले कौतुक करतात, आणि तळाचे वायुकोश मिटलेलेच राहतात, कारण वेगाने ओढलेली हवा आधीच उघड्या असलेल्या भागात शिरते. आबांना सांगा की फक्त पहिली गोळी वर न्यायची आणि ती जितका वेळ तरंगत ठेवता येईल तितका वेळ ठेवायची. दुसरी वर गेलीच तर श्वास घाईचा झाला. असे वापरले तर यंत्र डोळ्यांसमोरचा खडू-फळा होते आणि एवढाच त्याचा उपयोग आहे. ते घरी विसरले किंवा फुटले तरी व्यायाम थांबण्याचे काही कारण नाही.

कपालभातीचा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. सकाळी तलावाकाठी किंवा सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग करणारी हजारो माणसे इथे आहेत आणि त्यांची ती शिस्त मला मोलाची वाटते. पण कपालभातीत पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर टाकायचा असतो आणि आत येणारा श्वास लहान व आपोआप असतो. आपल्याला हवे आहे ते याच्या नेमके उलट: आत जाणारा श्वास मोठा, सावकाश आणि धरून ठेवलेला. शिवाय जठरात गाठ असताना पोटाला असे वारंवार झटके देणे मला योग्य वाटत नाही. हर्निया, आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनाही मी तो बंद करायला सांगते. आबांनी कपालभाती आणि भस्त्रिका थांबवावी. अनुलोम-विलोम करायला हरकत नाही, मात्र फार वेळ श्वास कोंडणारा कुंभक नको; आणि अनुलोम-विलोम केला म्हणून वर सांगितलेला व्यायाम झाला असे धरू नये. फुगे फुगवण्याविषयीही हेच. फुगा फुगवताना श्वास बाहेर जातो, छाती भरत नाही, आणि नंतरच्या दिवसांत त्यासाठी लागणारा जोर टाक्यांवर येतो.

इथवर लिहिले ते शिकण्याविषयी. ताकद वाढवणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी तीन आठवडे थोडे असले तरी निरुपयोगी नाहीत. श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना वजन देता येते: झडप बसवलेल्या एका लहान उपकरणातून ओढावे लागते आणि झडप ठरावीक जोराशिवाय उघडत नाही. नेदरलँड्समध्ये हृदयाची बायपास होणाऱ्या २७९ जास्त धोक्याच्या रुग्णांवर याची चाचणी झाली आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटे, पूर्ण ताकदीच्या ३० टक्के भाराने सुरुवात करून तो हळूहळू वाढवत नेला होता. फुप्फुसाच्या गुंतागुंती ३५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या आणि न्यूमोनिया १६ वरून साडेसहावर. पोटाच्या शस्त्रक्रियांत या उपकरणाचा पुरावा इतका ठाम नाही, तरी आबांचा धोका पाहता मी ते वापरेन. अट एकच आहे: श्वासाची ताकद मोजून भार ठरवणारा फिजिओथेरपिस्ट असला पाहिजे आणि आठवड्यातून एकदा तरी भार तपासला गेला पाहिजे. ऑनलाइन मागवून अंदाजाने फिरवलेली झडप एकतर फार हलकी असते किंवा माणसाला दमवून टाकते.

चालणे मात्र आजपासून सुरू करा, फक्त छातीत दुखत नसेल आणि केमोनंतर डॉक्टरांनी हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली असेल एवढे पाहा. वेग इतका असावा की चालताना एक वाक्य पूर्ण बोलता यावे, पण गप्पांचा फड रंगवता येऊ नये. केमोमुळे थकवा असेल तर एकदम अर्धा तास न चालता दहा-दहा मिनिटांचे तीन फेरे करा. तुमच्या इमारतीला लिफ्ट नसेल तर जिना ही चांगली सोय समजा, आणि आबा न थांबता किती पायऱ्या चढतात, वर पोहोचल्यावर ऑक्सिजन किती दिसतो, हे रोज लिहून ठेवा. तो ९० च्या खाली जात असेल तर भूलतज्ज्ञांना भेटीच्या वेळी अवश्य दाखवा. सकाळी लवकर धूर आणि धूळ दाटलेली असेल तेव्हा एमआयडीसीच्या रस्त्याने किंवा हमरस्त्याच्या कडेने चालू नका. ऊन वर आल्यावर आतल्या बागेत चाला. मिरचीच्या धुळीत तीस वर्षे काढलेल्या छातीविषयी आणखी एक सुचवते: स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. श्वासनलिका आवळलेल्या निघाल्या तर शस्त्रक्रियेआधी इनहेलर सुरू करता येतो आणि त्याचा गुण येतो.

बिडी चार महिन्यांपूर्वी सुटली हे फार चांगले झाले. चार आठवड्यांहून अधिक काळ धूम्रपान बंद असले तर फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी होतात, आणि आबांनी ती सीमा केव्हाच ओलांडली आहे. मशेरीकडे लोक या दृष्टीने पाहत नाहीत, परंतु भूल दिलेल्या आणि नंतर गुंगीत असलेल्या माणसाची लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरत असते. तोंडात जे जंतू असतील तेच फुप्फुसात पोहोचतात. म्हणून मशेरी बंद, दिवसातून दोनदा ब्रश, जेवणानंतर चूळ. हलणारा किंवा पू झालेला दात असेल तर या आठवड्यातच दंतवैद्यांना दाखवा. रुग्णालयात गेल्यावरही ब्रश चालू राहिला पाहिजे, कोणी आठवण करून देवो वा न देवो.

आधी शिकण्यावर मी इतका जोर का देते, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी ज्या रुग्णालयात होते तिथे फिजिओथेरपिस्टला बोलावणे बहुधा काही बिघडल्यावरच येई. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका मावशींसाठी मला तिसऱ्या दिवशी बोलावले. त्यांना ताप होता, श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला होता आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी हवा शिरल्याचा आवाज येत नव्हता. मी खोल श्वास घ्या म्हटले की त्या डोळे मिटून मान हलवत, यंत्र ओठांना लावले की क्षीणपणे फुंकत. त्या ऐकत होत्या, त्यांची इच्छाही होती, पण डोक्यात गोष्ट शिरण्याची वेळ टळून गेली होती. अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढून त्या घरी गेल्या. निघताना त्यांनी माझा हात धरून विचारले, "हे आधी का नाही शिकवलं गं?" त्यानंतर मी शस्त्रक्रियेच्या यादीवर रोज सकाळी स्वतः जाऊन नजर टाकू लागले आणि दाखल झालेल्या प्रत्येकाला आदल्या संध्याकाळी भेटू लागले, कोणी बोलावण्याची वाट न पाहता.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन दिवस तुमची खरी मदत लागेल. आबा शुद्धीवर येऊन नाव सांगू लागले की, डॉक्टरांची किंवा परिचारिकेची संमती घेऊन, पहिले दहा श्वास तिथेच सुरू करायचे. पलंगाची डोक्याची बाजू किमान ३० अंश वर असावी. सपाट झोपलेले दिसले तर परिचारिकेला विचारून वर करून घ्या. दुखत असेल तर आबांनी सहन करत पडून राहू नये. माथाडी माणसे दुखणे बोलून दाखवत नाहीत, पण इथे न बोलण्याने श्वास उथळ होतो, म्हणून वेदना शून्य ते दहांत किती, हे त्यांना रोज सांगायला लावा, आणि खोकण्यापुरतीही वेदना आटोक्यात नसेल तर औषधाबद्दल विचारा. पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवण्याविषयी भूलतज्ज्ञ बोलतील. या शस्त्रक्रियेत ती श्वासासाठीही उपकारक ठरते. वेदनाशामक दिल्यानंतर अर्ध्या तासाने व्यायाम व चालणे ठेवले तर दोन्ही नीट होतात. बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतात. भेटायला आलेले नातेवाईक मायेने "पडून राहा, आराम करा" म्हणतील, तेव्हा गोड बोलून विषय बदलायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

श्वास मिनिटाला २५ च्या वर जाऊ लागला, ऑक्सिजन आधीपेक्षा घसरला, ताप चढला, बेडक्याचा रंग बदलला, आबा असंबद्ध बोलू लागले किंवा एका पोटरीत दुखून सूज आली, तर व्यायामाने बरे होईल म्हणून थांबू नका, लगेच परिचारिकेला सांगा.

एवढे सगळे प्रत्येक शस्त्रक्रियेला लागत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय किंवा साधा हर्निया असेल आणि फुप्फुसे निरोगी असतील तर धोका कमी असतो आणि लवकर उठून चालणे बहुधा पुरते. हा खटाटोप आहे तो अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, फुप्फुस, हृदय आणि महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी.

घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा घालून प्रत्येक व्यायामाला एक रेघ मारायला आबांना स्वतःलाच सांगा, आणि तो कागद दाखल होताना बरोबर न्या, म्हणजे तिथल्या फिजिओथेरपिस्टला कळेल की आबांना व्यायाम येतो आणि ती थेट पुढचे काम सुरू करेल. पिशवीत ती लहान उशी, ब्रश, चष्मा आणि कानाचे यंत्र असल्यास तेही ठेवा, कारण ज्याला समोरचे दिसत-ऐकू येत नाही त्याच्याकडून काही करवून घेणे कठीण जाते. तीन गोळ्यांच्या यंत्रावर मार्करने आबांचे नाव लिहा आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी ते कपाटात न ठेवता अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेच्या हाती द्या, आबांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवायला सांगून.